अंदाजाचं कार्ड

रंगीत दिवे नकोत म्हटल्यावर तबस्सुम बागवानने हातातलं काचेचं कॅबिनेट परत फळीवर ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. तपकीर गल्लीतल्या तिच्या दुकानात गेमिंगचं मशीन जुळवून घ्यायला पंचाहत्तर वर्षांची बाई आली होती. तिला दिवे नको होते, काच नको होती आणि पंख्याचा आवाज तर अजिबात नको होता.

"नातवासाठी का, काकू?"

"यजमानांसाठी."

"अरे वा. कुठला गेम खेळतात काका?"

"ते अंथरुणावर आहेत," मी म्हणाले. "मानेखालचं काही हलत नाही. मानेवरचंही जवळजवळ नाहीच."

तिने स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला थोडं थांबायला सांगितलं.

मी तिला सगळं सांगितलं. तिच्या दुकानापासून चौथा गाळा पूर्वी आमचा होता. ओगले कॉम्प्युटर्स, १९९५ ते २०२१. गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारून भाग मी निवडायची आणि जोडणी करायची. बिघाड शोधणं, डाग देणं ह्यांच्याकडे. प्रोसेसरवर पेस्ट लावायची ती साबुदाण्याएवढी, त्याहून जास्त नाही, हे मी शेकडो कॉलेजच्या मुलांना सांगितलं असेल. गेल्या फेब्रुवारीत ह्यांच्या मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली. डॉक्टर म्हणाले, यांना ऐकू येतं, समजतं, आठवतं. फक्त आतून बाहेर यायची वाट बंद झाली आहे. सुरुवातीला नजर वर केली की 'हो', असं आम्ही ठरवलं होतं. दोन महिन्यांत पापण्या जड झाल्या, बुबुळं आपोआप थरथरायला लागली, आणि 'हो' कुठलं नि थरथर कुठली ते कळेनासं झालं.

अशा रुग्णांना बोलतं करणारं यंत्र होतं, पण त्याची प्रतीक्षायादी चौदा महिन्यांची. आमची मुलगी ऋजुता बडोद्याला असते. तिने कुठेतरी वाचलं की हेच काम गेमिंगच्या नव्या मशीनवर होऊ शकतं.

त्यामागचं शास्त्र तबस्सुमने मला पंधरा मिनिटांत समजावलं, आणि मला ते समजलं, कारण मुळात ते जुनंच दुखणं होतं. खेळणाऱ्याने बटण दाबल्यापासून पडद्यावर काही घडेपर्यंत जो क्षणाचा तुकडा जातो, तो कमी करण्यात आमच्या धंद्याची तीस वर्षं गेली. वेगवान प्रोसेसर, वेगवान पडदा, वेगवान माऊस, सगळं त्यासाठी. मग एका टप्प्यावर यंत्रात कमी करण्यासारखं काही उरलं नाही. उरला तो माणसाचा हात. मेंदूने हुकूम सोडल्यावर बोट हलेपर्यंत वेळ जातो. म्हणून मनगटावर पट्टा आला. हुकुमाची वीज स्नायूत पोचते, बोट अजून जागचं हललेलं नसतं, तेवढ्यात पट्टा ती पकडतो. पण स्पर्धेत तेवढंही पुरेना, म्हणून गेल्या तीन-चार वर्षांत अंदाजाचं कार्ड निघालं. ते मालकाच्या हाताची सवय शिकतं आणि हुकूम सुटायच्या आधीच तो काय असेल ते ओळखून तयार राहतं. पट्ट्याकडून आलेला सिग्नल आणि कार्डाचा अंदाज यांची भेसळ करून पडद्यावर हालचाल उमटते. सिग्नल ठसठशीत असला तर त्याचं चालतं. सिग्नल पुसट असला तर अंदाजाचं.

ह्यांच्या हनुवटीखालच्या एका स्नायूत अजून किंचित वीज येत होती. डॉक्टरांनी ती मोजून पाहिली होती. पट्टा तिथे लावायचा होता.

मग आम्ही भाग निवडायला बसलो. कितीतरी वर्षांनी मी काउंटरवर कोपर टेकले, फक्त गिऱ्हाइकाच्या बाजूने. पॉवर सप्लाय मी गरजेच्या दीडपट घेतला, कारण आमच्याकडे वीज येते-जाते तेव्हा दणका बसतो. मशीन गार ठेवायला पंख्यांऐवजी मोठं हीटसिंक घेतलं. ह्यांच्या कानापासून दोन फुटांवर ते मशीन दिवसरात्र चालणार होतं आणि आवाजाचा त्रास झाला तरी ते सांगू शकणार नव्हते. दिवे नकोत तेही त्यासाठीच. तबस्सुमच्या लक्षात आलं तशी तीही मन लावून शोधायला लागली. एक कॅबिनेट तिने नुसतं कडेचा हिरवा ठिपका झाकता येत नाही म्हणून नाकारलं.

अंदाजाच्या कार्डापाशी मात्र आमचं जमेना. दोन होती, एक लहान आणि एक चौपट मोठं. ती म्हणाली, "लहान घ्या. चांगले खेळाडू लहानच घेतात. मोठं कार्ड हाताचे फार लाड करतं."

मी तिला ऐकवलं की मेमरीत हात आखडू नका, हे वाक्य या गल्लीत सगळ्यात जास्त वेळा मी उच्चारलेलं आहे. मी मोठं घेतलं. ह्यांनी भरभरून बोलावं असं मला वाटत होतं.

निघताना तिने दोनदा बजावलं की घरी नेल्या नेल्या पट्टा थेट काकांना लावा. मी मान हलवली.

आणि घरी आल्यावर ते मशीन मी स्वैपाकघरातल्या टेबलावर मांडलं, पट्टा स्वतःच्या गळ्याला बांधला, आणि तीन दिवस चालवलं.

कारण आमच्या दुकानातून न तापवलेलं मशीन कधी बाहेर गेलं नाही. नियम ह्यांचाच होता. १९९६ साली एका दवाखान्यात दिलेलं मशीन दुसऱ्याच दिवशी धूर सोडून बंद पडलं, डॉक्टरांनी चार पेशंटांसमोर ह्यांना बोल लावले. तेव्हापासून प्रत्येक मशीन तीन दिवस आमच्याकडे सलग चालवायचं, त्यावर प्रत्यक्ष काम करून बघायचं, मगच गिऱ्हाइकाच्या हातात. ह्यांच्या अंथरुणाशी लावायचं मशीन मी न तापवता लावणं शक्यच नव्हतं. त्या हनुवटीपाशी वायर असणार होती.

पट्ट्याने लिहायला मला दोन तास लागले शिकायला. मनातल्या मनात शब्द म्हणायचा, गळा नकळत हलतो, अक्षरं उमटतात. पहिल्या दिवशी मी वाणसामानाची यादी लिहिली. दुसऱ्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांची नावं, त्यांच्या मशीनच्या तपशिलासकट. तिसऱ्या दिवशी लिहायला काही उरलं नाही, तेव्हा मी ह्यांना पत्र लिहिलं.

त्यात मी सांगितलं की १९९७ साली बंगळुरूच्या प्रयोगशाळेतून तुम्हाला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. तुम्ही मुंबईला माल आणायला गेला होता. मी ते वॉरंटी कार्डांच्या खणात ठेवलं, रविवारी देईन म्हणून. दुकान दोन वर्षांचं होतं, मी पहिल्यांदा स्वतःचं असं काही उभं केलं होतं. रविवार गेला, मुलाखतीची तारीख गेली. तुम्ही दोन महिने पोस्टमनची वाट पाहिलीत, मग एकदा जेवताना म्हणालात, आपली तेवढी लायकी नसेल. त्यानंतर तो विषय तुम्ही कधी काढला नाहीत. मी स्वतःला सांगत राहिले की तुम्ही तिकडे रमला नसतात.

पत्र लिहून झाल्यावर मी डिस्क तीनदा पुसली. नवीन मालकाला द्यायच्या आधी डिस्क पुसायची हाही आमचाच नियम.

पट्टा ह्यांना लावल्यावर चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी सुटी अक्षरं आली. आठव्या दिवशी, मी चमच्याने त्यांचे ओठ ओले करत असताना, स्पीकरमधून शब्द आले, "शशी, बास."

मी ऋजुताला फोन लावला आणि तो स्पीकरजवळ धरला.

पंधरा दिवसांत हे पूर्ण वाक्यं बोलायला लागले. काय हवं विचारलं तर म्हणत, "मी ठीक आहे, तू बस." जुन्या गिऱ्हाइकांच्या आठवणी काढत, कुणाच्या मशीनमध्ये कुठलं कार्ड होतं ते सांगत. शेजारच्या बाई येऊन ऐकून गेल्या आणि म्हणाल्या, भाऊ आजारपणात किती गोड झालेत. ते खरं होतं. धडधाकट असताना हे पाण्याची चव बदलली तरी कुरकुर करत. मी भाजीला खाली उतरायची तीही पंधरा मिनिटांत परत यायची, कारण वर कुणीतरी माझी वाट बघत बोलायला थांबलेलं होतं. सात महिने मी त्या दोन खोल्यांत होते, पण आता ते टोचत नव्हतं.

ऋजुताने बडोद्याच्या एका केंद्रात त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती. तिच्या घरापासून दहा मिनिटांवर. तिथे पाण्यातला व्यायाम होता, शिकलेली माणसं होती, खाट उचलून गच्चीवर नेत. मला तिथे सोबत राहता येणार नव्हतं. आठवड्यातून तीनदा भेटायची परवानगी होती. जागा महिनाअखेरपर्यंतच धरली जाणार होती. ऋजुताने फोनवरून त्यांनाच विचारलं.

"मला इथंच राहायचंय," हे म्हणाले. "शशीजवळ."

मग ऋजुता मला म्हणाली, "आई, त्यांचं तेच असेल तर माझं काही म्हणणं नाही." मी जिंकल्यासारखी त्यांची उशी सारखी करत होते.

त्यानंतरच्या गुरुवारी, दुपारी, मी वर्तमानपत्र वाचून दाखवत असताना हे मध्येच म्हणाले, "मुलाखतीचं पत्र तू दिलं नाहीस ते बरं केलंस. मी तिकडे रमलो नसतो."

मी पुष्कळ वेळ त्यांच्या हातावर डोकं टेकून बसले. मग उठून स्वैपाकघरात गेले आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. ते खाणार नव्हते, मलाही डॉक्टरांनी गोड वर्ज्य केलेलं, पण काहीतरी करायला हवं होतं. रवा गुलाबी व्हायला लागला तेव्हा माझा हात थांबला.

ह्यांना ते पत्र कधी दिसलेलंच नव्हतं. मुलाखतीची तारीख उलटल्यावर मी ते बंबात घातलं होतं. सांगितलं कुणालाच नव्हतं. फक्त एकदा लिहिलं होतं, या टेबलावर, तिसऱ्या दिवशी. 'रमला नसतात' हा शब्दही माझाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तबस्सुम घरी आली. तिने लॅपटॉप जोडला, आकडे काढले आणि बराच वेळ ते पुन्हापुन्हा पाहत राहिली.

"काकू, पहिले तीन दिवस पट्टा कुणाच्या गळ्यात होता?"

मी सांगितलं.

"मी म्हटलं होतं ना, थेट काकांना लावा म्हणून."

"आमच्याकडे तापवल्याशिवाय मशीन देत नाहीत."

"आमच्याकडे म्हणजे कुठे, काकू? दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली."

मग तिचा आवाज खाली आला. पलीकडे हे जागे होते. तिने सांगितलं की खेळणाऱ्या पोरांच्या बाबतीत दुकानात कुणी आधी पट्टा लावून बघितला तरी बिघडत नाही. मालकाचा सिग्नल एवढा जोरकस असतो की आधीचं शिकलेलं आठवड्यात धुऊन निघतं. काकांचा सिग्नल फार पुसट. त्याने काही धुतलं गेलं नाही. डिस्क पुसून उपयोग नव्हता. शिकलेलं कार्डात असतं. आणि कार्ड मोठं, त्यामुळे माझं सगळं त्यात मावलं.

"मग त्यांचं किती?"

तिने पडदा माझ्याकडे वळवला. "शंभर शब्दांत तीन. 'बास' बहुतेक त्यांचं असावं."

कार्ड कोरं करून पुन्हा शिकवता येईल का, मी विचारलं. ती म्हणाली, एवढ्या कमी सिग्नलवर कार्ड वर्षभरातही काही शिकणार नाही. कार्ड काढलं तर नुसता पट्टा राहील. त्यांनी जोर लावला की एक दिवा लागेल, एवढंच. दाराशी चप्पल घालताना तिने मी आता काय करणार ते विचारलं नाही. दोनदा वळून मात्र पाहिलं.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. हे लिहायला मला सोपं जात नाही. कार्डातलं गुपित तबस्सुमला आणि मला ठाऊक होतं, आणि ती कुणाला सांगणार नव्हती. ऋजुताचं समाधान झालं होतं. जागेची मुदत चार दिवसांनी संपत होती. मी नुसती गप्प बसले असते तरी हे माझ्याजवळ राहिले असते, आणि उरलेली वर्षं कुणीतरी मला "शशी, दमलीस का" विचारत राहिलं असतं. ते विचारतही होतं. मी उत्तरं देत होते.

रविवारी सकाळी मी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, तुम्हाला ऋजुताकडे जायचंय का. माझं वाक्य संपायच्या आत स्पीकरमधून "नाही" आलं.

मी ह्यांच्या तोंडाकडे पाहत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं, असणारही नव्हतं. पण तेव्हा मला पहिल्यांदाच उमगलं की हे सगळं त्यांना ऐकू येतंय. साडेतीन महिने ते इथे पडून ऐकत होते. त्यांच्या नावाने कुणीतरी दुसरंच बोलत होतं, आणि त्यांची बायको त्याच्याशी हसत होती, त्याची उशी सारखी करत होती. मुलगी प्रश्न विचारत होती आणि उत्तर ह्यांच्या कानादेखत भलतंच जात होतं. भिंतीत चिणलेल्या माणसाच्या भिंतीवर मी आणखी एक थर चढवला होता, आणि त्यावर त्यांचं नाव लिहिलं होतं.

मी मशीन बंद केलं, बाजूचा पत्रा उघडला आणि कार्ड उपसून काढलं. स्क्रू दोनदा खाली पडला. मशीन पुन्हा चालू केलं, आता स्पीकरमधून काही आलं नाही. मी ह्यांना सांगितलं की आतापर्यंत तुम्ही बोलत नव्हता, ते मला आता कळलंय. चूक माझ्या हातून झाली. आता एक दिवा आहे फक्त. मी अक्षरं वाचत जाईन, तुमचं आलं की जोर करा.

पुठ्ठ्यावर मी वर्णमाला लिहिली. ओळी वाचायच्या, ओळीवर दिवा लागला की त्या ओळीतली अक्षरं, मग मात्रा. पहिली वीस मिनिटं दिवा लागलाच नाही. मग क च्या ओळीवर लागला. मग क वर. मग काना. दम घ्यायला बराच वेळ गेला. मग न.

कान. मी उठून त्यांचं डोकं उचललं. मशीनकडे तोंड राहावं म्हणून आम्ही ते उजवीकडे कलतं ठेवत होतो, आणि उजवा कान उशीखाली दुमडून त्याची घडी पडली होती. घडीत कातडी ओली होऊन सोलवटली होती. किती दिवसांपासून कोण जाणे. रोज सकाळी मी विचारत होते आणि रोज मला उत्तर मिळत होतं, मी ठीक आहे.

मी कान पुसला, मलम लावलं, डोकं डावीकडे केलं. मग पुन्हा खुर्चीत बसले आणि विचारलं, ऋजुताकडे जायचंय का. दिवा लागला. भास नको म्हणून मी उलटं विचारलं, इथे राहायचंय का. मी मनात पाचशे अंक मोजले. दिवा लागला नाही. पुन्हा विचारलं, जायचंय का. लगेच लागला.

ऋजुताला फोन करून मी सांगितलं की जागा सोडू नकोस, आणि का ते सांगितलं. ती चिडली, रडली, मग गुरुवारी गाडी घेऊन येते म्हणाली. "आई, तुझं काय?" असं तिने शेवटी विचारलं. मी म्हटलं, ते मागाहून बघू.

जेवणं झाली. ह्यांच्या नळीतून पेज गेली. मला तिथेच थांबता आलं असतं. पण यंत्राने मला जी माफी दिली होती ती ह्यांनी ऐकली होती, आणि कशाबद्दल ते त्यांना ठाऊक नव्हतं. किंवा तीन दिवस त्यावर विचार करून ठाऊक झालंही असेल.

मी खुर्ची जवळ घेतली आणि तोंडाने, मोठ्याने, सगळं सांगितलं. बोलावणं आलं होतं. मी ते दिलं नाही. तुमच्या लायकीचा त्यात काही संबंध नव्हता, त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं.

दिवा बराच वेळ लागला नाही. मी पुठ्ठा हातात घेऊन बसून राहिले. दुपार कलायला लागली, तेव्हा तो लागला, आणि मी वाचायला सुरुवात केली. सव्वा तास लागला.

'कधी'.

"सत्त्याण्णव साली. श्रावण होता. तुम्ही मुंबईला, लॅमिंग्टन रोडला गेला होता."

पुन्हा दिवा. पुन्हा ओळी. मध्ये एकदा ते थकले, मी त्यांच्या ओठांवरून पाणी फिरवलं.

'कुठे'.

"वॉरंटी कार्डांच्या खणात. खालच्या. नंतर बंबात घातलं."

ह्यांचा श्वास जोरात चालला होता. दुकानात एखादं मशीन बिघडून परत आलं की हे गिऱ्हाइकाला असेच एकेक प्रश्न विचारत. कधी बंद पडलं, काय करत होतात, वास आला का. दोष कुणाचा ते शेवटपर्यंत बोलत नसत. लग्नाला बावन्न वर्षं झालेली मी त्यांच्यासमोर बसले होते आणि कितीतरी महिन्यांनी माझा नवरा माझ्याशी बोलत होता.

मी म्हटलं, आता पडा थोडं, उद्या बोलू. दिवा लागला. मी म्हटलं, थकला असाल. पुन्हा लागला, आणि लागलेलाच राहिला. ते 'हो' नव्हतं, त्यांना आणखी विचारायचं होतं.

मी पुठ्ठा उचलला. क ची ओळ. क.

प्रश्न कुठला येतोय ते मला ठाऊक होतं. पुढची मात्रा मी डोळे मिटून सांगितली असती, आणि त्याचं उत्तरही माझ्यापाशी चव्वेचाळीस वर्षं तयार होतं. पण या वेळी अंदाज नको होता. बोट मात्रांच्या ओळीवर ठेवलं, पहिली वाचली, आणि दिव्याची वाट पाहत थांबले.